सबसिडी युनिटवर मिळते, माणसावर नाही

परळच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रश्न आहे. गच्चीवर २० किलोवॅटचं सोलर बसवायचा ठराव त्यांच्या जनरल बॉडीत मंजूर झाला. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी मिळते. तेवढ्यासाठी ठरावाची प्रत, सह्या, रद्द केलेला चेक, मग पुन्हा सह्या असं तीन महिने चाललं आहे. मध्येच एका सभासदाने पेपरातलं कात्रण व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, की देशातल्या सगळ्यात श्रीमंत उद्योगसमूहांना सोलर पॅनेल आणि बॅटरीसाठी सरकार हजारो कोटी देतंय. ग्रुपवर जुंपली. सेक्रेटरी विचारतात, हे खरं आहे का, पैसा नेमका कुठल्या वाटेने जातो, आणि निषेध म्हणून आपण आपली सबसिडी नाकारावी का?

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी कॉस्ट अकाउंटंट आहे. २७ वर्षं वीजदराच्या याचिका, सवलतींचे दावे आणि त्यांवरच्या हरकती याच कामात गेली. निम्मी वर्षं सवलत मागणाऱ्या कंपन्यांचे कागद तयार केले, उरलेली ग्राहकांच्या बाजूने कफ परेडला वीज नियामक आयोगासमोर हरकती मांडल्या. फी दोन्हीकडून घेतली आहे, एकाच प्रकरणात नाही एवढंच.

तर हो, खरं आहे. पण कात्रणातला आकडा वेगळा आणि खात्यात जमा झालेला पैसा वेगळा, आणि ग्रुपवरची अर्धी भांडणं या एका गल्लतीतून होतात. सोलर पॅनेलच्या उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहन योजनेत दोन टप्पे मिळून २४,००० कोटींची तरतूद जाहीर झाली. बॅटरीसाठी १८,१०० कोटी, हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी. बेरीज ६० हजार कोटींच्या वर जाते आणि मथळा तयार होतो. नावंही जाहीर आहेत. सोलरच्या दुसऱ्या टप्प्यात मार्च २०२३ मध्ये ११ कंपन्यांना मिळून ३९,६०० मेगावॅटचं काम मिळालं. त्यात रिलायन्स, टाटा पॉवर सोलर, जेएसडब्ल्यू, वारी, रिन्यू, अमेरिकेची फर्स्ट सोलर अशी मंडळी आहेत. बॅटरीत रिलायन्स, ओला इलेक्ट्रिक आणि राजेश एक्स्पोर्ट्स.

पण या योजनांत पैसा हातात पडतो तो कारखाना उभा राहून माल विकला गेल्यावर, ठरलेल्या वर्षांत, विकलेल्या मालाच्या हिशेबाने. जाहीर तरतूद म्हणजे कमाल मर्यादा. बॅटरीच्या योजनेत तर ठरलेल्या मुदतीत कारखाने उभे राहिले नाहीत आणि काही कंपन्यांना सरकारनेच दंडाच्या नोटिसा काढल्या. तेव्हा 'एवढे कोटी दिले' असं कुणी म्हणालं की पहिल्यांदा विचारायचं: दिले की देऊ म्हणाले?

एवढ्याने सगळं आलबेल होत नाही. उलट माझं म्हणणं असं, की ज्याच्यावर 'सबसिडी' असा शिक्का आहे तो पैसा निदान दिसतो. मोठा पैसा बिनशिक्क्याचा जातो. आणि शिक्क्याचा असो वा बिनशिक्क्याचा, तो मोठ्यांकडे जायला दरवेळी कुणाची लबाडी लागत नाही. मोजमापच तसं असतं.

तुमच्याच गच्चीपासून सुरुवात करतो, कारण तिथेच हे सगळ्यात जवळून दिसतं.

तुमच्या २० किलोवॅटला ३ लाख ६० हजार सबसिडी होते. त्या योजनेची एक अट आहे: पॅनेल डीसीआर पाहिजे, म्हणजे पॅनेलच नव्हे तर त्याच्या आतला सेलही भारतात बनलेला पाहिजे. जून २०२६च्या आधी सुरू होणारा प्रकल्प सबसिडी न घेता लावला तर ही अट नाही, भारतात जोडलेलं पण बाहेरच्या सेलचं पॅनेल चालतं. दोन्हीच्या दरात फरक असतो. हा फरक महिन्यागणिक हलतो, म्हणून समजण्यापुरता वॅटमागे ९ रुपये धरू. २० किलोवॅट म्हणजे २०,००० वॅट, फरक १ लाख ८० हजारांचा. म्हणजे तुमच्या खात्यात जमा होणाऱ्या साडेतीन लाखांतली निम्मी रक्कम तुमच्या हातून सेल बनवणाऱ्या कारखान्याकडे जाते. लाभार्थी म्हणून नाव तुमच्या सोसायटीचं लागतं, फोटो तुमच्या गच्चीचा निघतो. आणि देशात सेल बनवणारे कारखाने मोजकेच. शिवाय एप्रिल २०२२ पासून बाहेरून येणाऱ्या पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लागलं (पुढे ते बदललं, पण भिंत उभी राहायची ती राहिली), त्याचाही फायदा इथल्या उत्पादकालाच. हा पैसा कुठल्याच अर्थसंकल्पात सबसिडी म्हणून दिसत नाही, कारण तो सरकार देत नाही. कोटेशनमधून तुम्ही देता.

हे वाईट आहे का? मला तसं सरसकट म्हणता येत नाही. सगळे सेल चीनमधून आणत राहायचे आणि उद्या त्यांनी नळ बंद केला तर बसायचं, हेही शहाणपणाचं नाही. देशात कारखाना हवा असेल तर त्याची किंमत कुणीतरी देणार. ती किंमत गच्चीवाल्याच्या नावाने खर्ची पडते आणि पुन्हा त्यालाच ऐकवलं जातं की बघा, तुम्हाला केवढी सबसिडी दिली, हे मात्र मला खटकतं.

आता मोजमापाची गोष्ट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

२०१६ मध्ये राज्य सरकारने विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि उद्योगदृष्ट्या मागास अशा डी, डी प्लस तालुक्यांतल्या उद्योगांना वीजदरात सवलत सुरू केली. कारण रास्त होतं. शेजारी छत्तीसगडमध्ये वीज स्वस्त, आणि कारखाने हद्दीपलीकडे सरकत होते. भाषणं झाली ती अनुशेषाची: मागास भागात रोजगार, लघुउद्योगांना हात, वगैरे. पुढे या सवलतीसाठी वर्षाला १,२०० कोटींच्या घरात पैसा ठरला. सवलत द्यायची पद्धत साधी होती, वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे अमुक पैसे.

जालन्याला एका पोलाद कारखान्याच्या दाव्याच्या तपासणीला मी गेलो होतो. भंगार वितळवून सळई करणारा कारखाना. इंडक्शन भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की चष्म्याची काडी तापते आणि बोलणं ऐकू येत नाही. वरून क्रेनच्या चुंबकाला चिकटलेलं भंगार येतं, सायकलींच्या फ्रेम, पत्रे, कुणाच्या तरी गॅलरीचं गज, आणि ते आत पडताना जो आवाज होतो त्याने छाती हलते. खाली मीटर रूममध्ये मात्र एसी, शांतता, आणि डब्यात भरलेलं फरसाण. अकाउंटंट साहेबांनी माझ्यापुढे वर्षाचं युनिटचं विवरण ठेवलं. दाव्याचं गणित अर्ध्या पानाचं होतं. एवढे युनिट, गुणिले एवढे पैसे. मी तपासायचं ते गुणाकार.

हे गणित तुम्हीही करून बघा. अशा भट्टीला टनामागे साधारण ६०० युनिट लागतात. वर्षाला १ लाख टन वितळवणारा कारखाना धरला तर ६ कोटी युनिट झाले. युनिटमागे १ रुपया सवलत धरू, वर्षाचे ६ कोटी रुपये. आता त्याच पट्ट्यातली डाळमिल घ्या. महिन्याला १५,००० युनिट. तिला वर्षाला मिळतात १ लाख ८० हजार. तिनशेतेहतीस पट फरक. भट्टीवाल्याकडे डाळमिलच्या तिनशेतेहतीस पट माणसं कामाला नसतात, हे सांगायला तिथे जायलाही नको.

या दरम्यान आयोगाच्या एका जनसुनावणीत अशाच एका डाळमिलवाल्याने माझ्यापुढे बिल धरलं होतं. सवलतीच्या ओळीवर त्याचं बोट. तेरा हजार आणि काही रुपये. "साहेब, योजना आमच्या नावाने आली ना?" एवढंच म्हणाला. मी तेव्हा भट्टीवाल्यांच्या बाजूचा होतो. चहा घ्या म्हणालो. दुसरं काय बोलणार?

पुढे व्हायचं तेच झालं. सवलतीचा मोठा भाग थोड्याच मोठ्या पोलाद कारखान्यांकडे जातोय अशी ओरड झाली, आणि सरकारला एका उद्योगाला वर्षाला जास्तीत जास्त किती मिळेल याला मर्यादा घालावी लागली. मर्यादा आली की काय होतं तेही मी पाहिलंय. कंपनीला पिल्लं होतात. एकाच आवारात, एकाच क्रेनखाली, दोन भावांच्या आणि एका मेहुण्याच्या नावाने तीन कंपन्या, तीन मीटर. माझ्याकडे असं एक प्रकरण आलं होतं, मी ते सोडलं. फार मोठं धैर्य दाखवलं असं समजू नका, त्यांनी दुसरा माणूस आठवड्याभरात शोधला.

एक गोष्ट मात्र भट्टीवाल्यांच्या बाजूने सांगायलाच पाहिजे. त्यांच्यासाठी वीज हा फार मोठा खर्च. छत्तीसगडशी स्पर्धा त्यांचीच होती, डाळमिलची नव्हती. म्हणजे हेतू पोलाद टिकवायचा असेल, तर पैसा योग्य ठिकाणी गेला! मग तसं उघड म्हणायचं: ही पोलादासाठीची योजना आहे, एवढे कारखाने, एवढे रोजगार, एवढी वर्षं. पोलादाची योजना अनुशेषाच्या नावाने आणली, की एक दिवस कुणीतरी लाभार्थ्यांची यादी काढतो आणि वाद पेटतो.

वस्तूवर किंवा युनिटवर दिलेली सबसिडी जास्त वापरणाऱ्याकडेच वाहणार, हे पाण्याने उताराकडे जाण्याइतकं साधं आहे. डिझेलचं आठवतं का? वर्षानुवर्षं डिझेल स्वस्त ठेवलं शेतकऱ्याच्या आणि एसटीच्या नावाने. त्याच डिझेलवर मोबाइलचे टॉवर, मॉलचे जनरेटर आणि महागड्या गाड्या चालल्या. जानेवारी २०१३ मध्ये सरकारने घाऊक खरेदीदारांची सबसिडी काढली, आणि त्यात सापडलं कोण, तर रेल्वे आणि एसटी! आपला डेपोतला पंप बाजूला ठेवून एसटीच्या गाड्या रस्त्यावरच्या पंपांवर रांगेला लागल्या, कारण तिथे लिटरमागे दहाएक रुपये स्वस्त मिळत होतं. पुढच्या नळीवर उभ्या असलेल्या आलिशान गाडीला मात्र सबसिडी चालू. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर पूर्ण मोकळे केले तेव्हा हा तमाशा संपला.

आता बिनशिक्क्याचा पैसा. तो कळायला थोडा जड आहे, पण तिथेच रक्कम मोठी.

राजस्थानात एखाद्या कंपनीने सौर प्रकल्प उभारला आणि वीज महाराष्ट्रातल्या मोठ्या कारखान्याला विकली, तर ती देशाच्या आंतरराज्य पारेषण जाळ्यातून येते, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या मोठ्या तारांतून. त्या जाळ्याचं भाडं असतं. ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या विजेला हे भाडं पूर्ण माफ होतं, तेही २५ वर्षांसाठी. त्यानंतर सुरू होणाऱ्यांसाठी सवलत टप्प्याटप्प्याने कमी होते आहे. आता तारा आणि मनोरे काही माफ होत नाहीत. त्यांचा खर्च उरलेल्यांत वाटला जातो, म्हणजे राज्यांच्या वितरण कंपन्यांत, म्हणजे शेवटी घरगुती बिलात. इथे सरकारी तिजोरीतून एक रुपया गेला नाही. अर्थसंकल्पात ओळ नाही. विधानसभेत प्रश्न नाही. सवलत घेणारा मात्र बहुतेक वेळा एवढा मोठा असतो की त्याला हजार किलोमीटरवरून वीज विकत घेणं परवडतं.

त्याहून जुना प्रकार पवनचक्क्यांचा. माझ्या उमेदवारीच्या काळात साताऱ्याकडच्या पठारांवर पवनचक्क्यांचं पीक आलं होतं. पुढे बरीच वर्षं घसारा ८० टक्के मिळायचा, म्हणजे १० कोटींची पवनचक्की घेतली तर पहिल्याच वर्षी ८ कोटी नफ्यातून वजा, तेवढ्यावरचा कर वाचला. मालमत्ता वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा. त्यामुळे आमच्या कामाला दोन हंगाम असायचे, सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर. फोर्टमधल्या एका कापड व्यापाऱ्याच्या पवनचक्कीचे कागद मी केले होते. त्यांनी ती चक्की पाहिली नाही, पाहायची इच्छाही नव्हती. वारा किती, वीज किती, काही विचारलं नाही. ३१ मार्चच्या आधी पातं फिरल्याचं सर्टिफिकेट मिळेल ना, एवढंच. २०१७ पासून हा दर ४० टक्क्यांवर आणला. तोवर सरकार वीज तयार झाली की नाही हे न विचारता करमाफी देत होतं, आणि ती घेऊ शकत होता तोच, ज्याला वाचवण्याएवढा नफा होता. नफा नसलेल्या माणसाला घसाऱ्याचा काय उपयोग?

तिसरी वाट सगळ्यात खर्चिक: आधी कमी बोली लावायची, मग भाव वाढवून मागायचा. गुजरातेतल्या मुंद्र्याचा टाटांचा ४,००० मेगावॅटचा प्रकल्प युनिटला सरासरी २ रुपये २६ पैशांच्या बोलीवर मिळाला होता. आपला महाराष्ट्रही त्याच्या खरेदीदारांपैकी एक. शेजारी अदानींचाही मोठा प्रकल्प. कोळसा इंडोनेशियाचा. २०१० नंतर इंडोनेशियाने निर्यातीच्या कोळशाला जागतिक भाव लावला, आणि दोन्ही कंपन्या वाढीव दर मागायला आल्या. केंद्रीय नियामक आयोगाने २०१३ मध्ये भरपाईचा दर मान्य केला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: परदेशातला कायदा बदलला म्हणून करार मोडता येत नाही, कोळसा महाग होण्याचा धोका तुम्ही बोली लावतानाच पत्करला होता. ग्राहक संघटनांसाठी मोठा निकाल. पण २०२२ मध्ये विजेची टंचाई आली, केंद्राने वीज कायद्याचं कलम ११ वापरून आयात कोळशाचे प्रकल्प चालवायचे आदेश काढले, आणि कोळशाचा वाढीव खर्च खरेदीदारांवर गेला. त्या वेळी दुसरा इलाज होता असं मी म्हणत नाही, प्रकल्प बंद ठेवून अंधार परवडला नसता. पण धंद्याची जोखीम एकाची आणि टंचाईत तिचं बिल दुसऱ्याला, याला सबसिडी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आपल्याकडे हे नवीनही नाही. एन्रॉनच्या दाभोळ कराराची आठवण असलेले सभासद तुमच्या सोसायटीत असतील. वीज घेतली नाही तरी पैसे द्यायचे, हे शब्द त्या काळात नाक्यावरच्या पोरालाही पाठ झाले होते.

तुमच्या ग्रुपवरच्या उद्योगांची बाजू घेणाऱ्या सभासदाचंही ऐकून घ्या, कारण त्याच्याकडे एक चांगला मुद्दा आहे. महाराष्ट्रात कारखाना आणि दुकान विजेला सरासरी खर्चापेक्षा जास्त दर देतात आणि त्यातून शेतीपंपाचा आणि कमी वापराच्या घरगुती ग्राहकांचा दर कमी ठेवला जातो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. तेव्हा उद्योग म्हणतात, आम्ही देणारे आहोत, घेणारे नाही. लहान आणि मध्यम उद्योगांच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. वसईचा प्लास्टिक मोल्डिंगवाला देतोच आहे. मोठ्यांच्या बाबतीत मात्र मोठे एक एक करून त्या रांगेतून बाहेर पडतात: स्वतःचा प्रकल्प लावतात, ओपन ॲक्सेसने बाहेरून वीज आणतात, विशेष प्रोत्साहन योजनेत वीज शुल्काची माफी घेतात. डेटा सेंटरना आपल्या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान धोरणात वीज शुल्कात सूट आहे. ऐरोलीला रात्री गेलात तर खिडक्या नसलेल्या त्या इमारतींचा घुमणारा आवाज ऐकू येतो, एकेक इमारत एखाद्या गावाएवढी वीज खाते. रांगेत मागे उरतो तो ज्याला बाहेर पडणं परवडत नाही, आणि गेलेल्यांचा भार त्याच्यावर येतो.

शेतकऱ्याच्या मोफत विजेबद्दलही ग्रुपवर कुणीतरी बोललंच असणार. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे, ४४ लाख शेतकरी, वर्षाला साधारण १४,७६० कोटी. रक्कम प्रचंड आहे. पण त्यातली एक गोम लक्षात ठेवा: लाखो पंपांना मीटर नाही, किंवा आहे तो वाचला जात नाही. वापर अंदाजाने धरला जातो. अंदाज फुगवला की वितरणातली गळती आणि चोरी शेतकऱ्याच्या नावावर खपते. वर्षानुवर्षं सुनावण्यांत हाच वाद आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या नावाने निघालेला सगळा पैसाही शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत पोचतो असं नाही.

तुमचा पैसा यात कुठून येतो? घरचं बिल काढा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि त्याखाली वीज शुल्क १६ टक्के. वरच्या सगळ्यांची बेरीज २,५०० असेल तर हे शुल्क ४००. हे तुमच्या बेस्टचं नाही, हे राज्य सरकारचं, बेस्ट फक्त गोळा करते. राज्यात सबसिडीचा बराच हिशेब या शुल्काशी वळता करून मिटवला जातो. वीज कायद्याचं कलम ६५ म्हणतं की सरकारला कुणाला सबसिडी द्यायची असेल तर पैसे वितरण कंपनीला आगाऊ द्यावेत. आगाऊ हा शब्द कायद्यात आहे. प्रत्यक्षात उशीर, वळतं, थकबाकी, आणि वितरण कंपनी मधल्या काळात कर्ज काढते. त्या कर्जाचं व्याज दरात येतं.

नावं आणि रकमा पाहायच्या असतील तर तीन जागा सांगतो. आयोगाचे दरनिश्चितीचे आदेश त्यांच्या संकेतस्थळावर असतात, शेकडो पानांचे, पण क्रॉस सबसिडीचा तक्ता शोधायचा आणि बाकी सोडून द्यायचं. केंद्रीय अर्थसंकल्पाबरोबर करसवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचं विवरण येतं, तिथे घसारा वगैरे दिसतो. आणि तिसरी जागा, जिच्याकडे पत्रकारही फारसे जात नाहीत: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल. हिशेबाच्या टिपांमध्ये शासकीय अनुदान म्हणून किती मिळालं हे त्यांना लिहावंच लागतं. मंत्र्याच्या भाषणातला आकडा आणि त्या टिपेतला आकडा शेजारी ठेवला की कात्रण किती खरं ते कळतं. नोंद नसलेल्या खासगी कंपन्यांचं मात्र कठीण. माहितीच्या अधिकारात विचारलं तर कलम ८ मधली व्यापारी गोपनीयता पुढे येते. मला स्वतःला दोनदा हेच उत्तर आलंय. रोजगार हमीवर खणायला गेलेल्या बाईचं नाव, दिवस आणि मजुरी संकेतस्थळावर जगजाहीर आहे. ६ कोटींची वीज सवलत घेणाऱ्याची रक्कम गुपित. २०१५ मध्ये आपल्याला गॅसची सबसिडी सोडा असं आवाहन झालं होतं, एक कोटीवर घरांनी सोडली. तसलं आवाहन भट्टीवाल्यांना किंवा पॅनेलवाल्यांना झालेलं मी ऐकलं नाही.

म्हणून माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांना मी सांगतो, की एखाद्या योजनेवर चिडायच्या आधी एवढं बघा: पैसा माणशी मिळतो की युनिटवर, एकाला किती मिळेल याला वर मर्यादा आहे का आणि ती मालकाला लागते की मीटरला, योजना कधी संपणार ते लिहिलंय का, आणि घेणाऱ्यांची यादी रकमेसकट प्रसिद्ध होते का. आणखी एक प्रश्न सगळ्यात अवघड: सबसिडी नसती तरी त्याने हे केलंच असतं का? बॅटरीचा कारखाना कदाचित उभा राहिला नसता, तिथे पैसा देण्यात अर्थ असू शकतो. राजस्थानातली सौर वीज मात्र गेल्या काही वर्षांत इतकी स्वस्त झाली होती की भाडेमाफी आणखी आधी थांबवली असती तरी प्रकल्प थांबले नसते, असं माझं मत आहे. या धंद्यातले माझे बरेच मित्र यावर माझ्याशी भांडतात.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. सबसिडी नाकारू नका. तुम्ही नाकारलेले ३ लाख ६० हजार डाळमिलकडे जाणार नाहीत. पण गणित दोन्ही बाजूंनी मांडा. बिगर डीसीआर पॅनेल तुमच्या तारखेला चालत असेल तर ठेकेदाराकडून दोन कोटेशन मागा, एक डीसीआर पॅनेलचं सबसिडीसकट आणि एक बिगर डीसीआरचं सबसिडीशिवाय, वॅटमागचा दर स्वतंत्र लिहून. बहुतेक जण एकच देतात आणि "सोसायटीला तेच परवडतं" म्हणतात. दुसरं मिळेपर्यंत कमिटीत विषय घेऊ नका. फरक सबसिडीच्या पाऊण पट किंवा त्याहून जास्त निघाला, तर तीन महिन्यांच्या सह्या-कागदांचा त्रास कशासाठी, हा विचार जरूर करा. कमी निघाला तर घ्या. बँक खात्यावरचं सोसायटीचं नाव आणि वीज जोडणीवरचं नाव अक्षरशः सारखं आहे ना तेही बघा. परळ-लालबागच्या पुनर्विकास झालेल्या बऱ्याच इमारतींत कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर असतो आणि अर्ज तिथेच अडकतो. तुमचे तीन महिने त्यातच गेले असावेत असा माझा संशय आहे. मीटर आधी सोसायटीच्या नावावर करून घ्या.